दर्शनाच्या रांगेचे गणित

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघरी पार्थिव गणेशाची प्रतिष्ठापना होते आणि त्याच सुमारास वर्तमानपत्रांतून आकड्यांचीही प्रतिष्ठापना होते. अमुक मंडळाच्या मूर्तीची उंची इतके फूट, तमुक मंडळाच्या दानपेटीत इतके तोळे सोने, आणि लालबागला दररोज पंधरा लाख भाविक! जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला. त्यामुळे उत्सव आणखी वाढावा, देशोदेशींच्या पाहुण्यांनी तो पाहावा, ही भाषा आता सरकारदरबारीही रूढ झाली आहे. ती योग्यच आहे. परंतु वाढावे म्हणजे नेमके काय वाढावे, आणि ते वाढले की नाही हे कोण व कशाने मोजणार, याचा विचार मात्र क्वचितच होताना दिसतो.

वास्तविक मोजणीचे आणि आपल्या दैवताचे वैर नाही. ‘गण्’ या धातूचा अर्थच मुळी मोजणे असा आहे. गण, गणना, गणित हे सारे एकाच घरातले शब्द. एकवीस दूर्वा, एकवीस मोदक, अथर्वशीर्षाची सहस्र आवर्तने ही मोजणी आपण श्रद्धेनेच करतो. मंडळेही जमाखर्च मोजतात आणि बहुतेक जुनी मंडळे तो अहवालात छापतातही. मोजायचे राहते ते एवढेच, की जो मनुष्य दर्शनाला आला तो किती वेळ उभा राहिला, कोणत्या वाटेने गेला आणि सुखरूप बाहेर पडला का.

त्या पंधरा लाखांच्या आकड्यापासूनच सुरुवात करू. चोवीस तास मंडप उघडा आहे असे धरले, तरी पंधरा लाखांना भागल्यावर तासाला ६२,५०० आणि मिनिटाला सुमारे १,०४० माणसे येतात. म्हणजे सेकंदाला सतरा. आता माणूस चालतो किती वेगाने, याचेही काही अनुभवसिद्ध माप आहे. इंग्लंडमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी जी मार्गदर्शिका वापरली जाते, तिने सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे आणि जिन्यावरून ६६ माणसे सुखरूप जाऊ शकतात असे धरले आहे. या हिशेबाने मिनिटाला १,०४० माणसांना जायला पावणेतेरा मीटर, म्हणजे सुमारे ४२ फूट रुंदीची वाट लागेल. तीही रात्रंदिवस अखंड वाहती, जिच्यात कोणी थांबायचे नाही, हात जोडायचे नाहीत, मुलाला खांद्यावर घ्यायचे नाही. लालबागच्या बाजारातली गल्ली ज्यांनी पाहिली आहे त्यांना यापुढे अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

याचा अर्थ लालबागला गर्दी होत नाही असा मुळीच नाही. गर्दी होते आणि ती छाती दडपून टाकणारी असते. पण ती पंधरा लाख आहे, पाच लाख आहे की तीन, हे ठाऊक नसताना बंदोबस्त, पाणी, शौचालये, रुग्णवाहिका आणि रात्रीच्या जादा लोकलगाड्या कोणत्या आधारावर ठरवायच्या? मोठा आकडा सांगितला की मंडळाची प्रतिष्ठा वाढते आणि जाहिरातदार खूश होतो. खोटा आकडा मात्र रांगेतल्या माणसाच्या काहीच उपयोगी पडत नाही. १९३४ साली पेरू चाळीच्या परिसरातल्या कोळी बंधू-भगिनींनी आणि व्यापाऱ्यांनी बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून जो नवस बोलला, त्यातून हा उत्सव उभा राहिला. त्यातल्या कोळिणीला टोपलीत किती मासळी आली आणि किती विकली गेली याचा हिशेब तोंडपाठ असे. तोच व्यवहार उत्सवात आणायचा आहे.

लालबागच्या राजाच्या दर्शनाच्या दोन रांगा असतात, हे सर्वश्रुत आहे. एक मुखदर्शनाची आणि दुसरी नवसाची, म्हणजे चरणस्पर्शाची. पहिली चालता चालता पुढे सरकते. दुसऱ्या रांगेत माणसे रात्र काढतात, कधी दोन दोन रात्री. हा फरक का पडतो, ते साध्या त्रैराशिकाने कळते. समजा, एका भाविकाला पायांवर मस्तक ठेवून बाजूला व्हायला तीन सेकंद लागली. मग मिनिटाला वीस, तासाला १,२०० आणि अहोरात्र मंडप चालू ठेवला तरी दिवसाला २८,८०० जणांचेच दर्शन होईल. एकाच वेळी चौघांना वाव करून दिला तर हाच आकडा १,१५,२०० वर जाईल. त्यापलीकडे कार्यकर्त्यांनी कितीही घाई केली, कितीही हात धरून पुढे ढकलले, तरी तो जाणार नाही. रांगेत २४,००० माणसे असतील आणि तासाला १,२०० जणांचे दर्शन होत असेल, तर शेवटच्या माणसाला वीस तास लागणार. हे सांगायला ज्योतिषी नको. रांगेतली माणसे भागिले तासाची दर्शने, एवढाच हिशेब आहे आणि तो रांगेच्या शेपटाशी एका फळ्यावर खडूने लिहिता येतो: ‘येथून दर्शनास सुमारे वीस तास.’

हा फळा किती घरांचे कल्याण करील! मधुमेहाच्या गोळ्या पदरात बांधून आलेली आजी, सहा महिन्यांचे मूल कडेवर घेतलेली सून, बदलापूरहून शेवटची गाडी गाठायची आहे असा मुलगा, यांना तो फळा वाचून ठरवता येईल की आज मुखदर्शन घेऊन समाधान मानावे, की मंगळवारी पहाटे यावे. आज त्यांना हे रांगेत बारा तास गेल्यावर कळते, आणि तोवर मागे फिरणे जिवावर येते. नवस फेडायचा असतो ना!

याच गणिताने आणखी एका नाजूक विषयावर प्रकाश पडतो. मान्यवरांसाठी वेगळी वाट असावी की नसावी, यावर दरवर्षी वाद होतो. २०२५ साली तो राज्य मानवी हक्क आयोगापर्यंत गेला. भावनेची भाषा थोडा वेळ बाजूला ठेवू. एखाद्या मान्यवर कुटुंबासाठी, छायाचित्रासह, पाच मिनिटे रांग थांबली तर वरच्या हिशेबाने शंभर जणांचे दर्शन थांबले. आणि मागे २४,००० माणसे उभी असतील, तर प्रत्येकाची पाच मिनिटे मिळून दोन हजार तास गेले. दिवसातून अशी वीस कुटुंबे आली तर किती तास झाले, ते वाचकांनीच पाहावे. मंडळांनी या थांबण्याची नोंद ठेवली आणि ती प्रसिद्ध केली, तर मान्यवरांपैकी पुष्कळजण स्वतःच पहाटेची वेळ मागून घेतील, अशी आमची समजूत आहे. कदाचित ती भाबडीही असेल.

गर्दीचे माप चुकले की काय होते, हे परळकरांना सांगायला नको. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, परळ आणि त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर २३ माणसे चेंगरून मेली. पाऊस आला, पुलावरची माणसे थांबली, खालून गाड्या येतच राहिल्या. येणारा ओघ जाणाऱ्या ओघापेक्षा मोठा झाला, एवढेच त्या शोकांतिकेचे गणित आहे. २००५ च्या जानेवारीत वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत तीनशेच्या आसपास भाविक याच कारणाने गेले. गिरणगावातले जिने, पूल आणि गल्ल्या गिरण्यांच्या पाळ्यांच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. पाळी सुटे तेव्हा माणसांचा लोंढा येई, पण तो भोंग्याच्या वेळेवर येई आणि वेळेवर ओसरे. १९८२ च्या संपानंतर भोंगे थंडावले, गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले. आजच्या उत्सवाच्या गर्दीला भोंगा नाही. ती समाजमाध्यमांवरच्या एखाद्या चित्रफितीने मध्यरात्री दोन वाजताही उसळते.

पुलांच्या बाबतीत महानगरपालिकेने मात्र एक आकडा स्पष्टपणे दिलेला आहे. करी रोड आणि चिंचपोकळी येथील रेल्वेवरील जुन्या पुलांवर एका वेळी १६ टनांपेक्षा अधिक भार होऊ देऊ नये, पुलावर थांबू नये, नाचू नये, अशा सूचना अलीकडच्या वर्षांत विसर्जनापूर्वी दिल्या गेल्या आहेत. सोळा टन म्हणजे किती, हे मात्र मिरवणुकीतल्या कोणाला कळणार? सरासरी ६५ किलो वजन धरले तर सुमारे अडीचशे माणसे. त्यातून मूर्ती, गाडा आणि ढोल-ताशांचे वजन वजा करायचे. पुलाच्या तोंडाशी ‘एका वेळी इतकीच माणसे’ असा फलक लावून दोन स्वयंसेवक दोर धरून उभे राहिले, तर त्या सोळा टनांना अर्थ येईल. २०२५ च्या उत्सवानंतर, १२ सप्टेंबरला, प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि त्याचा भार करी रोडच्या व दादरच्या टिळक पुलाकडे वळला. जुन्या अंदाजांवर आता विसंबता येणार नाही, हे त्या भागातल्या मंडळांनी ध्यानात घेतलेले बरे.

आता समुद्राकडे वळू. कारण आकड्यांकडे दुर्लक्ष झाले तर दैवतालाही ताटकळावे लागते, हे २०२५ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्या वर्षी अनंत चतुर्दशी शनिवारी, ६ सप्टेंबरला होती. लालबागच्या राजाची मिरवणूक शनिवारी निघाली आणि सुमारे वीस तासांनी रविवारी सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचली. विसर्जनासाठी नवा, यंत्रावर चालणारा मोठा तराफा आणलेला होता. परंतु तोवर भरती चढू लागली होती. मूर्ती तराफ्यावर घेणे साधेना. राजा तासन् तास पाण्यात उभा राहिला आणि विसर्जन झाले ते रात्री नऊच्या सुमारास. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते, दहाच्या सुमारास स्पर्श होता आणि दुपारपासून वेध लागलेले होते. ज्या घरांत वेध पाळतात त्या घरांत काय कालवाकालव झाली, ती आम्ही येथे लिहिण्याची गरज नाही. कोळी बांधवांतूनही नाराजीचे सूर उमटले.

दोष कोणाचा, हा आमचा विषय नाही. ही वेळ आधी कळू शकली असती का, हा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचा एक ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन. म्हणून तीन वाजता. चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. भारतीय प्रमाणवेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे आहे, तेवढी जोडली की चतुर्दशीला अकराच्या थोडे पुढे आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती येते. भरती दिवसा एकदा आणि रात्री एकदा. मधल्या वेळी, सुमारे सव्वासहा तासांनी, ओहोटी. म्हणजे शनिवारी रात्री अकराच्या पुढे पूर्ण भरती, रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी, आणि दुपारी बाराच्या आसपास पौर्णिमेची मोठी भरती. ओहोटीच्या वाळूवर मूर्ती तराफ्यावर घ्यावी आणि चढत्या पाण्याने तराफा उचलून न्यावा, ही रीत. मग चौपाटीवर पहाटे पाचपूर्वी पोहोचणे भाग होते. दोन-तीन तास उशीर झाला, तर पुढची ओहोटी संध्याकाळी सहालाच. अवघ्या तीन तासांच्या विलंबाची किंमत बारा तासांची वाट पाहणे झाली, ती यामुळे.

महानगरपालिका भरती-ओहोटीच्या वेळा दरवर्षी प्रसिद्ध करते. पंचांगात तिथी असते. कोळी बांधवांच्या डोक्यात दोन्ही असतात. नसते ती एकच गोष्ट. मिरवणूक कोणत्या नाक्यावर किती वाजता पोहोचली, याची वर्षानुवर्षांची नोंद. भायखळ्याला किती वाजता, नागपाड्याला किती वाजता, ऑपेरा हाऊसला किती वाजता, एवढे चार कागद दहा वर्षांचे जपून ठेवले असते, तर चौपाटीवर पहाटे पाचला पोहोचायचे असेल तर मंडपातून किती वाजता निघावे, हे उलट मोजून सांगता आले असते. नाक्यानाक्यावरच्या पुष्पवृष्टीसाठी किती वेळ शिल्लक आहे, हेही. तिथीनुसार पाण्याची वेळ सरकते, म्हणून हे उत्तर दरवर्षी एकच येत नाही. चतुर्दशीचा दिवस ठरलेला असतो, पण तिचा आरंभ व समाप्ती घड्याळाने बदलते आणि पाणीही तसेच बदलते.

विसर्जनाच्या दुसऱ्या अंगाने, म्हणजे मूर्ती कोठे विसर्जित होतात याबाबत, महापालिकेने मोजणीची सवय लावून घेतली आहे आणि तिचा गुण आला आहे. दीड, पाच, सात आणि अकरा दिवसांच्या विसर्जनाचे आकडे घरगुती, सार्वजनिक व गौरी असे वेगळे काढून जाहीर होतात. २०२५ साली एकूण सुमारे १ लाख ९७ हजार मूर्तींचे विसर्जन झाले आणि पाचशे टनांहून अधिक निर्माल्य गोळा झाले. कृत्रिम तलावांची संख्या २०२४ मध्ये दोनशेच्या थोडी वर होती, ती २०२५ मध्ये २९० पर्यंत गेली. कारण जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित कराव्यात असा आदेश दिला. किती मूर्ती येणार हे विभागवार ठाऊक होते, म्हणूनच इतक्या थोड्या अवधीत तलाव कोठे हवेत ते ठरवता आले. या आदेशाबद्दल भाविकांत मतभेद आहेत आणि राहतील. पण दादरच्या एखाद्या घरातल्या गृहस्थाला आपला गणपती घेऊन दोन तास रस्त्यात उभे राहावे लागले नाही, तर त्याचे श्रेय त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या तक्त्यांना आहे.

जोखमीची मोजणी करणारेही एक मंडळ आपल्या शेजारीच आहे. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२५ साली पाच दिवसांच्या उत्सवासाठी सुमारे ४७४ कोटी रुपयांचा विमा उतरवला. बातम्या झाल्या त्या देवाच्या अंगावरच्या सोन्या-चांदीच्या. परंतु त्यातला सर्वांत मोठा भाग, सुमारे ३७५ कोटींचा, स्वयंसेवक, पुजारी, आचारी आणि सेवेकरी यांच्या अपघात विम्याचा होता. कोण, किती माणसे, कोणत्या कामावर, किती दिवस, याची यादी असल्याशिवाय असा विमा निघत नाही. मोठ्या मूर्तीखाली ट्रॉली ओढणाऱ्या पोरांची अशी यादी किती मंडळांकडे आहे?

तंत्राचा अतिरेक व्हावा असे आम्हांस वाटत नाही. २०१५ च्या नाशिकच्या कुंभमेळ्यात पावलांचा भार पडला की मोजणी करणारी चटई तिथल्याच तरुणांनी तयार करून वापरून पाहिली. तिचे नाव ‘अशिओतो’. डोकी मोजायला एवढे पुरते. चेहरे ओळखणारे कॅमेरे लावून कोण आले याची यादी करण्याचे काहीच कारण नाही. देवाच्या दारी आलेल्याने आपले नाव-गाव कोणाला का सांगावे? मोजावे ते पाऊल. आणि नुसती चिठ्ठी वाटल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. ८ जानेवारी २०२५ रोजी तिरुपतीला वैकुंठ एकादशीच्या दर्शनाच्या चिठ्ठ्या घेण्यासाठीच गर्दी उसळली आणि सहा भाविक मरण पावले. रांग टाळण्याच्या उपायाचीच रांग झाली. चिठ्ठी कोठे, किती वाजता, किती खिडक्यांवर मिळणार, याचेही गणित आधीच मांडावे लागते.

राहता राहिला वाढीचा प्रश्न. गिरगावात खाडिलकर मार्गावरच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो. १९०१ साली लोकमान्य तेथे आले होते. तेथली मूर्ती लहान, पालखीतून नेण्याजोगी, आणि ती तशीच ठेवण्यात आली आहे. दर्शनाला तिष्ठावे लागत नाही. मुंबईतल्या सार्वजनिक उत्सवाचा उगम जेथे झाला, तेथे शांतपणे दोन मिनिटे बसता येते, हे लालबागच्या रांगेत रात्र काढणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते? वाढ म्हणजे एकाच गल्लीत आणखी लाखभर माणसे कोंबणे नव्हे. मोठ्या मंडपांच्या फळ्यावर प्रतीक्षेच्या तासांखाली शेजारच्या चार मंडळांची नावे आणि तेथली वाट लिहिली, तर गर्दी आपोआप विरळ होईल आणि लहान मंडळांची दारेही उघडी होतील. गणेश गल्ली, चिंचपोकळी, नरे पार्क ही तर हाकेच्या अंतरावर आहेत.

गिरगावच्या चाळींची पुनर्बांधणी सुरू आहे. कुटुंबे डोंबिवली, विरार, बदलापूरकडे गेली. त्यांची नोंद कोणाकडे असेल, तर ती वर्गणीच्या जुन्या पावतीपुस्तकांत. चाळ सोडून गेलेली किती बिऱ्हाडे आजही आरतीला येतात, कोणत्या वारी येतात, परतीची गाडी कोणती धरतात, एवढे एखाद्या मंडळाने विचारून लिहून ठेवले, तर आरती सातऐवजी साडेआठला ठेवावी की रविवारी दुपारी महाप्रसाद करावा, हे वादाविना ठरेल. दादरला फुलबाजारातल्या विक्रेत्याला कोणत्या दिवशी किती झेंडू उचलावा हे ठाऊक असते, कारण तो दरवर्षीचे लक्षात ठेवतो. रेल्वेनेही डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांना एक ते चौदा असे सलग क्रमांक दिले, आणि एकाच क्रमांकाचे दोन फलाट असल्याने होणारा घोळ संपला. एवढ्याशा बदलाने जर माणसांची चुकामूक टळते, तर उत्सवाला फार मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही.

लवकरच कार्यकर्ते वर्गणीला दारी येतील. पावती फाडून घेताना गृहिणींनी आणि गृहस्थांनी त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या उत्सवात बाहेर पडण्याच्या वाटेवर तासाला किती माणसे मोजली? सर्वांत लांब रांग किती तासांची होती आणि कोणत्या दिवशी? विसर्जनाच्या रात्री आपण कोणत्या नाक्यावर किती वाजता होतो? उत्तर नसेल तर रागावू नये. एक वही आणि दोन पेन्सिली वर्गणीसोबत द्याव्यात.